दाराच्या टबाचा नळ

मिस्त्रींनी आयुष्यभर लोकांच्या बाथरूममध्ये नळ बसवले, आणि स्वतःच्या घरी मात्र बादली आणि मग. त्यांची बायको हे येणाऱ्या-जाणाऱ्याला हसत सांगायची. पण गेली दोन वर्षं ती हे सांगेनाशी झाली होती, कारण त्या बादलीतला मग आता मिस्त्रींच्याच हातात असायचा.

तिचे सांधे धरले होते. आधी बोटं, मग गुडघे, मग खांदे. एके काळी ही बाई शिवणकाम करायची. सुईत दोरा ओवताना तिला चष्मा लागत नसे. आता तिच्या दोन्ही हातांची बोटं अर्धवट मिटलेली असत, आणि ती ना पुरती उघडत ना पुरती मिटत. रोज सकाळी मिस्त्री तिला प्लास्टिकच्या स्टुलावर बसवून आंघोळ घालत. पाणी बेताचं, साबण बेताचा, पाठ, मान, कानांच्या मागे, सगळं नीट. जे काम करायचं ते चोख, अशी त्यांची सवय. ती तेवढा वेळ भिंतीकडे तोंड करून बसे.

एक दिवस ती भिंतीकडे बघतच म्हणाली, "तुम्ही चांगली घालता आंघोळ. भांडं घासावं तशी स्वच्छ."

"मग?"

"मग काही नाही. एकदा माझी मी करावी म्हणते. दार लावून."

मिस्त्रींनी मग खाली ठेवला. टॉवेल घेऊन तिची पाठ पुसली. पण ते वाक्य त्यांच्या मनात जे रुतलं ते निघेना.

तिच्या डॉक्टरांनी मागेच सांगितलं होतं, की गरम पाण्याचे झोत अंगावर घेतले तर सांधे जरा सैल होतील. ते ऐकून तिचा धाकटा भाऊ कामाला लागला. तो मालाची गाडी चालवतो, त्यामुळे कुठे काय मोडीत निघालंय हे त्याला गावाआधी कळतं. व्यायामाचं एक उपचारकेंद्र बंद पडत होतं, तिथून त्याने एक टब उचलून आणला. हा टब साधा नव्हता. त्याला बाजूने दार होतं, गाडीच्या दारासारखं, रबराची पट्टी लावलेलं. आत बसायला खुर्चीएवढ्या उंचीची बैठक होती, आणि पाठीशी, कमरेशी, पायांशी झोताची तोंडं. दार उघडायचं, आत पाऊल टाकायचं, बसायचं, दार लावायचं आणि मग पाणी सोडायचं. उडी नाही, वाकणं नाही. दाराचा दांडा कोपराने लागत होता, आणि झोताचं बटण तर एवढं मोठं, की तेही कोपराने दाबता येईल.

फक्त नळ नव्हता. टब काढणाऱ्यांनी तो मुळासकट उपटून नेला होता. राहिलं होतं ते काठावरचं एक भोक, बैठकीच्या उजव्या हाताला.

"नळाचं काय एवढं," मेहुणा म्हणाला. "भाऊजी, तुमच्या पेटीत दहा पडलेले असतील."

"ह्याला पेटीतला चालत नाही," मिस्त्री म्हणाले, आणि मेहुण्याला समोर बसवून त्यांनी हिशेब समजावला. दार आधी लावायचं आणि पाणी मागाहून सोडायचं, म्हणजे टब भरेपर्यंत माणूस उघड्या अंगाने आत बसून राहणार. टबात दोनशे लिटर पाणी मावतं. साधा अर्धा इंची नळ मिनिटाला दहा-बारा लिटर देतो. म्हणजे वीस मिनिटं कुडकुडत बसायचं, आणि तोवर आधीचं पाणी निवून जायचं. शिवाय झोताची वरची तोंडं पाण्याखाली जाईपर्यंत मोटर लावायची नाही, नाहीतर पाणी छताला लागेल. तेव्हा पाइप पाऊण इंची हवा, गीझर मोठा हवा, आणि नळाचा घसा रुंद हवा.

"आणि तो तिच्या हाताने उघडला पाहिजे," मिस्त्री म्हणाले. "ही खरी मेख आहे."

दुकानदार मिस्त्रींच्या जुन्या ओळखीचा. त्याच्या दुकानात एक अख्खी भिंत नळांची होती. चकचकीत, काळे, सोनेरी, हंसाच्या मानेसारखे, चौकोनी, पण एकातही पाणी नाही. मिस्त्री बायकोला घेऊन आले तसा त्याने लगेच खुर्ची पुढे केली आणि एक रुंद चोचीचा नळ दाखवला.

"वहिनी, हा बघा. धबधब्यासारखं पाणी पडतं."

मिस्त्रींनी नळ उलटा केला आणि त्याच्या घशात करंगळी घालून पाहिली. नळ पारखायची ही त्यांची पद्धत. करंगळी पहिल्या पेरालाच अडली. "चोच वीतभर आणि घसा चिमणीचा," ते म्हणाले. "ह्याचा धबधबा बशीत पडेल."

मग त्यांनी करंगळी आत जाते असे नळ वेगळे काढायला लावले. अकरा निघाले. तिथून पुढे बायकोचं काम. तिची बोटं हँडलभोवती मिटत नव्हती, म्हणून ती मनगटाच्या बाजूने ढकलून बघत होती. गोल चाकाचे हँडल गेले. दोन वेगळ्या हँडलांचे गेले, जरी मिस्त्रींना मनापासून तेच आवडत, कारण त्यात बिघाड कमी. एकाच दांडीचे चार उरले. वर उचललं की पाणी, डावीकडे वळवलं की गरम, उजवीकडे गार. ती एकेक दांडी मनगटावर घेऊन पुन्हा पुन्हा फिरवत होती.

दुकानदाराला राहवेना. "वहिनी, नळ बघताय की नवरा?"

"नवरा न बघता केला," ती म्हणाली, "म्हणून नळ तरी बघून घेते."

मिस्त्रीही हसले. बऱ्याच दिवसांनी तिच्या बोलण्याला पूर्वीची धार आली होती. शेवटी एक लांब दांडीचा नळ तिला जमला. मनगट खालून लावलं की दांडी अलगद वर येई, आणि मनगट वळवलं की ती डावीकडे सरके. तिने तो सहा वेळा उघडला, सहा वेळा बंद केला. सातव्या वेळी तिने डोळे मिटून केला.

"हाच," ती म्हणाली. "कधी बसवताय?"

"बसवला म्हणून समज," मिस्त्री म्हणाले.

आता मिस्त्रींच्या कामाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी केलेली लाइन कधी गळली नाही. चाळीस वर्षांत एकही नाही. आणि ह्याचं कारण काही जादू नव्हतं. ते वेळ घेत. पाइप जोडले की दाबाने पाणी भरून ठेवायचं, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरायची आणि आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ कागद बघायचा. कुठे डाग दिसला की सांधा उकलायचा आणि पहिल्यापासून आठ दिवस मोजायचे. नवीन पोरं हे काम एका दिवसात उरकतात. गिऱ्हाइकं वैतागत, पण मिस्त्री ढिम्म हलत नसत. भिंत एकदा बंद झाली की आत काय आहे ते फक्त पाण्याला माहीत, असं त्यांचं म्हणणं.

घरच्या कामात ते गिऱ्हाइकाच्या कामाहून कमी कसे करणार? उलट जास्तच. बायको दार लावून एकटी आत बसणार. कुठे काही निसटलं तर टब रिकामा होईपर्यंत टबाचं दारही उघडता येणार नाही. तेव्हा सांडपाण्याच्या लाइनीला आठ दिवस, गरम लाइनीला आठ दिवस, गार लाइनीला आठ दिवस. एकदम तिन्ही केल्या तर डाग कुणाचा हे कळत नाही, म्हणून एकामागून एक.

मेहुणा येता-जाता डोकावायचा. "भाऊजी, टब बसवताय की धरण बांधताय?"

"तुझ्या बहिणीसाठी आहे, म्हणून चाललंय सगळं नीट."

"ताईचं लग्न तीन आठवड्यांत उरकलं होतं तुम्ही."

"म्हणून तर आता भोगतेय," ती आतून म्हणे, आणि तिघंही हसत.

गार लाइनीचा सहावा दिवस होता, तेव्हा सकाळी कागदावर डाग दिसला. रुपयाएवढा, गोल, ओला. नळाच्या बुडाशी जिथे पाइप येऊन मिळतो, बरोबर त्याच्या खाली. त्यांनी नळ काढला, आटे पुसले, नवीन टेप गुंडाळली, बसवला आणि दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले. पाचव्या दिवशी पुन्हा डाग. आता त्यांना पाइपचाच संशय आला. काठाखालचा पाइपचा अख्खा तुकडा कापला, टाइलच्या दोन ओळी फोडल्या, सगळं नवीन केलं. पुन्हा दिवस एक. पुन्हा दिवस दोन.

तिसऱ्यांदा डाग दिसला तेव्हा ते टॉर्च घेऊन टबाच्या मागच्या पोकळीत पोटावर पडून राहिले. तासभर काही नाही. मग बघता बघता त्या गार पाइपवर बारीक दव जमायला लागलं. हवा दमट होती, पोकळी बंद होती, आणि पाइपमधलं पाणी थंडगार. दवाचे थेंब एकमेकांत मिसळले, पाइपच्या पोटाशी आले आणि त्यातला एक टपकन कागदावर पडला. सांधा तर कोरडा होता. पहिल्या दिवसापासून कोरडाच होता.

ते तसेच पडून राहिले. मेहुणा नसल्यामुळे हसणारं कुणी नव्हतं. मग उठून त्यांनी पाइपला फोमची नळी चढवली. अर्ध्या तासाचं काम. ह्या दवापायी साडेतीन आठवडे गेले होते, आणि फोडलेल्या टाइल पुन्हा बसवून वाळायला आणखी दोन लागणार होते.

त्या दोन आठवड्यांतच कधीतरी बायको कप डाव्या हाताने धरायला लागली.

मिस्त्रींच्या ते लगेच लक्षात आलं. रोज ज्याला आंघोळ घालतो त्याचा हात कुठे अडतो हे घालणाऱ्याच्या हातालाच कळतं. उजवं मनगट आता वळत नव्हतं. खालून वर जरासं उचललं जाई, पण डावीकडे किंवा उजवीकडे म्हटलं की लाकडासारखं घट्ट. डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या आणि म्हणाले, बघू. दुकानात तिने सातव्या वेळी डोळे मिटून नळ फिरवला होता, तो दिवस दोघांनाही आठवत होता. त्याला अकरा आठवडे झाले होते. एका दिवसात काम उरकणारं नवीन पोरगं लावलं असतं, तर तिने निदान दोन महिने तरी आपल्या हाताने आंघोळ केली असती. हा हिशेब मिस्त्रींना काही केल्या डोक्यातून काढता येईना.

"तुझ्या डाव्या हाताला घेऊ का नळ?" त्यांनी एकदा विचारलं.

"डाव्या बाजूला दार आहे ना."

ते खरंच होतं. डाव्या बाजूला दार होतं, समोर काठाखाली मोटर, आणि पाठीशी झोतांच्या नळ्या. टब बनवणाऱ्याने नळाला एकच जागा ठेवली होती.

टाइल वाळल्या तसं ती म्हणाली, "आज करते." दुपारची वेळ होती. गीझर सकाळपासून चालू होता. बाथरूमच्या बाहेर बोळात, छताखाली, मिस्त्रींनी तो दीडशे लिटरचा गीझर टांगला होता, आणि त्याच्या खाली गरम-गार दोन्ही लाइनींचे बंद करायचे कॉक. आपल्या प्रत्येक कामात ते कॉक दाराबाहेर ठेवत, म्हणजे आत काही झालं तर बाहेरून पाणी तोडता येतं.

ती सैल झगा घालून, काठी टेकत दाराशी आली.

"दांडी डावीकडे करून ठेवू का?" मिस्त्रींनी हळूच विचारलं. "बरोबर कोमट लागेल अशी. तुला नुसती वर करावी लागेल."

"मग आंघोळ तुमचीच झाली की. मी नुसती बसलेली."

"बाहेरून सोडतो म्हणत नाहीये मी."

"आहे तिथे असू दे. हाक मारल्याशिवाय आत यायचं नाही."

दांडी उजवीकडे होती, गारवर. आंघोळ झाली की दांडी गारवर ठेवायची, म्हणजे पुढच्याला चटका बसत नाही, ही शिस्त मिस्त्रींनीच घराघरांत लावलेली. ती आत गेली आणि तिने कोपराने दार ढकललं.

मिस्त्री बोळात स्टुलावर बसले. आत काठी भिंतीला टेकल्याचा आवाज आला. मग बराच वेळ काही नाही. झगा उतरायला तिला वेळ लागायचाच. मग टबाच्या दाराचा रबर दबल्याचा चुबकन आवाज आला. बसली. दार लागलं. आता नळ.

नळाचा आवाज येईना.

मिस्त्रींना तिथे बसून सगळं दिसत होतं. ती मनगट दांडीच्या डाव्या-उजव्या बाजूला लावून बघत असणार. मग हाताची कड. मग कोपर, पण कोपर तिथवर वळत नाही, आणि धरलेल्या खांद्यामुळे डावा हात पलीकडे पोचत नाही. दांडीवर काहीतरी घासल्याचे बारीक आवाज येत होते, थांबत होते, पुन्हा येत होते. ते दोनदा उठले आणि दोनदा बसले. उघडं अंग, टबाची बैठक थंड. हाक आली असती तर ते दोन ढांगांत आत गेले असते. हाक येत नव्हती.

शेवटी पाणी सुटलं. एकदम जोराने, पाऊण इंची घशातून. मिस्त्रींनी हात वर करून दोन्ही पाइपांना लावला. गार पाइप फोमच्या आत थरथरत होता. गरम पाइप स्तब्ध. पाणी वाहत असतं तर तो बोट ठेववणार नाही इतका तापला असता. तो जसा होता तसाच होता.

तिने दांडी वर केली होती. वळवता आली नव्हती.

मिनिटाला चाळीस लिटर. घसा रुंद त्यांनीच निवडला होता, त्यामुळे विचार करायलाही फार वेळ नव्हता. पावलं बुडाली असतील. आता पोटऱ्या. गार पाण्याने सांधे कसे आखडतात हे त्यांनी दोन हिवाळ्यांत पाहिलं होतं. त्यांचा हात आपोआप गार लाइनीच्या कॉकवर गेला आणि त्यांनी तो बंद केला.

आतला आवाज तुटला.

"मिस्त्री," आतून ती म्हणाली. "पाणी गेलं."

"हो का? थांब, बघतो. माझंच काहीतरी चुकलंय. लाइनीत हवा अडकली असेल." चाळीस वर्षांत त्यांनी हे वाक्य कुणाच्याच दारात उच्चारलं नव्हतं. "तू टबातलं पाणी काढून बाहेर ये. दुरुस्त करतो. उद्या परवा पुन्हा बघू."

टबात पाण्याची हलकी चुळबुळ ऐकू आली.

"तुमच्या लाइनीत हवा अडकत नाही," ती म्हणाली.

मिस्त्रींचा हात अजून कॉकवरच होता.

"सोडा पाणी."

"अगं, गार आहे ते."

"मला कळतंय ते कसं आहे. मी बसलेय त्यात."

"मी येतो आत. एक सेकंद. दांडी वळवतो आणि जातो. बघत नाही."

"दोन वर्षं तुम्ही बघताय. बघण्याचं काही नाही." तिचा आवाज चढला नव्हता. हलकासा कापत मात्र होता, आणि तो थंडीने की कशाने, ते दारातून कळत नव्हतं. "हा नळ मी उघडलाय. तुम्ही बंद केलात. आता सोडा."

कॉकवर ठेवलेला आपला हात मिस्त्रींनी पाहिला. हा हात काहीही दुरुस्त करू शकतो असं लोक म्हणत. सोडलं तर ती गारठणार. नाही सोडलं तर तिला ओल्या अंगाने तसंच बाहेर यावं लागणार, आणि पुन्हा ती दार लावून बसायचं नाव काढणार नाही, हे त्यांना तिच्या आवाजावरून पक्कं कळत होतं. उद्या सकाळी बादली, मग, आणि ती भिंतीकडे तोंड करून.

त्यांनी कॉक उघडला.

पाणी पुन्हा धो धो पडायला लागलं. गुडघे. मांड्या. कंबर. ते मनातल्या मनात पातळी मोजत होते. वरची तोंडं बुडाल्याशिवाय मोटर लावायची नाही हे त्यांनी तिला तीन वेळा समजावलं होतं. तिने लावली नाही. चांगली पाच मिनिटं ती त्या वर चढणाऱ्या पाण्यात बसून राहिली. मग दांडी खाली पडल्याचा टक् आवाज आला. बंद करणं जमलं होतं, त्याला नुसतं वरून दाबायचं होतं. मग बटण. मोटर घुरघुरली आणि झोत सुरू झाले.

"बरं वाटतंय का?" त्यांनी विचारलं.

मोटरच्या आवाजात तिला ऐकू गेलं नसेल. किंवा गेलं असेल. आतून फक्त पाणी घुसळल्याचा आवाज येत राहिला, आणि मधूनच एक लांब श्वास, जो मुद्दाम सावकाश सोडावा तसा वाटत होता.

मिस्त्री स्टुलावर बसून राहिले. दोन्ही हात गुडघ्यांवर, तळवे वर. डोक्यावर गीझर सकाळपासून तापत होता. थोड्या वेळाने त्याने आतल्या आत टिक् केलं आणि त्याचा लाल दिवा विझला. दीडशे लिटर पाणी भरपूर गरम झालं होतं.